बर्था मावशीची ड्यूटी

बर्था मावशी गेली तेव्हा पापडीकडच्या त्या मुलींच्या बोर्डिंगला पहिला प्रश्न पडला तो हा, की आता सकाळी पोरींना उठवणार कोण? नुकत्याच गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये. पण मावशी स्वतः आयुष्यभर दुसरं काही बोललीच नव्हती. तिने लग्न केलं नाही, कारण लग्नाच्या दिवशी पोरींना उठवणार कोण? भाच्याच्या बाप्तिस्म्याला गेली आणि केक कापायच्या आधी परत आली.

तिची पद्धत ठरलेली. नव्या मुलीला ती पहिल्याच दिवशी सांगायची, "मी तीन हाका मारनार. तिसरीला उठायचं. दोनच आल्या तर ती मी नाय, गप पडून राहायचं. भूत काय तिसरी हाक मारत नाय." हे तिच्या आजीचं शास्त्र. बोर्डिंग चालवणाऱ्या सिस्टर इझाबेलना ते ख्रिस्ती वाटत नसे, पण पोरी वेळेवर मिस्साला, म्हणजे चॅपेलमधल्या सकाळच्या प्रार्थनेला यायच्या, म्हणून त्या गप्प बसत.

मावशीच्या जागी मेट्रन म्हणून विनी आली. वय चोवीस, गाव मिठागरांच्या बाजूचं, त्याआधी वालीवच्या कारखान्यात दिवसभर डब्यांना झाकणं लावायची. "नाताळपर्यंत बघू," सिस्टर म्हणाल्या होत्या. नाही जमलं तर परत झाकणं.

आता विनीच्या गावात पाण्याला पानी म्हणतात आणि त्याने कोणाची तहान अडत नाही. पण इथे आपलं हसं होऊ नये म्हणून तिने 'ण' शिकून घेतला. इतका मनापासून, की तो मिळेल तिथे लागायला लागला. पहिल्या सकाळी ती डॉर्मिटरीच्या दारात उभी राहून हळूच म्हणाली, "मुलींणो, उठा, प्रार्थणेची वेळ झाली."

पोरी उशीत तोंड खुपसून हसल्या. उठली एकही नाही. दुपारपर्यंत तिचं नाव 'विणी मिस' झालं होतं.

आठवडाभर मिस्साला उशीर झाला. मग एका पहाटे डॉर्मिटरीबाहेरच्या बोळातून हाक आली. "उठा गं!" थोड्या वेळाने, "उठा गं!" आणि मग कौलं हलवणारी, "ए उठा गं, भोपळ्यांनो!"

सगळ्या उठल्या. दात घासता घासता प्रिन्सीचा ब्रश थांबला. "ही मावशी होती ना?"

"मावशीला आपण माती देऊन आलो," दहावीतली टिफनी म्हणाली.

"म्हणजे भूत?"

"येडी आहेस का? तीन हाका आल्या. भूत तिसरी मारत नाही."

"मग कोण?"

"मावशी," टिफनी म्हणाली आणि तिने चूळ भरली.

चहा घेऊन सगळ्या मिस्साला गेल्या.

मग हे रोजचंच झालं. पोरी विनीला म्हणू लागल्या, "मिस, तुम्ही झोपा ना, मावशी आहे." विनी पाणी भरायची, वेण्या घालायची, आणि कौतुक व्हायचं मावशीचं. शेवटी सिस्टरनी एकदा स्वतःच्या कानांनी हाका ऐकल्या. त्यांनी क्रूसाची खूण केली, क्षणभर विचार केला आणि विनीला म्हणाल्या, "मग नाताळनंतर तुझी गरज पडेलसं वाटत नाही गं."

दुसऱ्या दिवशी विनी हाकेच्या आधीच बोळात जाऊन उभी राहिली. समोर कोणी नव्हतं. नुसता पायांना चोळायच्या बामाचा वास होता.

"उठा गं!"

"मावशी, जरा थांबा. तुम्ही आराम करा. मी आहे णा."

"तू कोन?"

"मी... णवीण मेट्रण."

"सरळ बोल गं बाय, जीभ मुरगळंल." मग तो आवाज जवळ आला, थकलेला वाटला. "मला काय हौस आहे? पाय दुखतात माझे. पन तुला हाक मारता येत नाय, तर मी जाऊ कशी?"

विनीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच्या मागोमाग राग.

"तुम्ही मारू देता कुठे? मी तोंड उघडायच्या आत तुमचं सुरू! नोकरी खाता माझी, मावशी! मी नाय जानार परत झाकनं लावायला! पानी मी भरते, वेन्या मी घालते, आन नाव कोनाचं? आन ह्या महारान्या!" ती डॉर्मिटरीकडे वळली. "ए पोरींनो, उठता का पानी ओतू? टिफनी! चादर काढ तोंडावरची! प्रिन्सी, तू पन! तुम्हाला काय पालखी पाठवू?"

पोरी अशा उठल्या की दोघींची डोकी एकमेकींवर आपटली. हसायला कोणाला सवडच मिळाली नाही.

"हां," बोळातून आवाज आला. नुसता तेवढाच. मग सपातांचा आवाज पायऱ्या उतरून वाडीकडे गेला, आणि केळींच्या मागे कुठेतरी ऐकू येईनासा झाला.

मिस्साच्या वेळेला रांग तयार बघून सिस्टरनी विचारलं, "आज बर्थाच्या हाका नाही ऐकू आल्या?"

"एकच मारली, सिस्टर," टिफनी कपाळ चोळत म्हणाली. "मग मिसने मावशीला झापलं."

सिस्टरनी चष्म्यावरून विनीकडे पाहिलं. "तू बर्थाला झापलंस?"

"हो, सिस्टर."

"आम्हाला कधी जमलं नाही ते," सिस्टर पुटपुटल्या. चॅपेलच्या दाराशी जाऊन त्या पुन्हा वळल्या. "आणि हे बघ, नाताळला घरी गेलीस तर तिकडे रेंगाळू नकोस. पोरींचे इथे हाल होतात."