तात्यांच्या शेजारची जागा

घरात निवांत बसायची एक जागा असावी म्हणून मी पहिल्यांदा वेताचा झोपाळा मागवला. मोबाइलवर कुणाचं तरी घर बघितलं होतं. खिडकीपाशी झोपाळा, त्यावर पांढऱ्या उशा, चिमुकल्या दिव्यांची माळ आणि हातात वाफाळता कप घेतलेली एक बाई. त्या बाईच्या चेहऱ्यावरची शांती मला हवी होती, आणि ती घरपोच मिळत असेल तर फारच उत्तम. झोपाळा आला, हॉलमध्ये टांगला. पहिल्या रविवारी मी त्यावर बसले आणि बसल्याबसल्या तीन फोन उरकले. पुढच्या आठवड्यापासून तिथे वाळलेले कपडे बसू लागले. घडी घालायला मला वेळ मिळेपर्यंत ते डुलत राहायचे. नवरा म्हणायचा, "निदान कपडे तरी निवांत आहेत."

मी गणित शिकवते. सकाळी क्लासची एक बॅच, मग कॉलेज, संध्याकाळी पुन्हा दोन बॅचेस. विश्रामबागेतलं आमचं घर आणि क्लास यांच्यात हाकेचं अंतर, पण तेवढ्या वाटेतही मी फोनवर बोलत असायचे. माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो याचा मला कोण अभिमान! माइक म्हणजे कच्च्या मास्तरांची सोय, असं मी उघड म्हणायचे.

घरी आल्यावरही आवाज खाली यायचा नाही, कारण घरात तात्या होते. तात्या म्हणजे माझे सासरे. त्यांची सगळी नोकरी तोफखान्यात झाली आणि तोफांनी त्यांचे कान तिथेच ठेवून घेतले. पेन्शनीत निघाल्यावर ते फलटणकडच्या गावी ऊस बघत राहिले आणि सासूबाई गेल्यावर आमच्याकडे सांगलीला आले. कानाला लावायचं यंत्र आणलं होतं, पण "ह्यात समदं जग शिट्ट्या मारतंय" म्हणून त्यांनी ते कपाटात ठेवून दिलं. मग आम्ही ओरडायला लागलो. "तात्याऽ, जेवायला चला!" "तात्याऽ, गोळी घेतली काऽ?" तात्यांनी गोळी घेतली नाही हे अख्ख्या गल्लीला कळायचं, मग तात्यांना. या ओरडण्याचा शीण असा, की हळूहळू आम्ही त्यांना कामापुरतंच सांगायला लागलो. जेवण, गोळी, दार लावून घ्या. बाकीच्या गप्पा त्यांना वगळून चालायच्या आणि ते उठून मागच्या दारी जाऊन बसायचे.

मागचं दार म्हणजे स्वयंपाकघर आणि कंपाउंडची भिंत यांच्यामधला चिंचोळा बोळ. तिथे रिकामा सिलिंडर, बिघडलेला कूलर, कांद्याचं पोतं. तात्यांनी आल्या आल्या कूलर एका कडेला सरकवला, आपली पलटणीतली काळी पत्र्याची ट्रंक भिंतीला लावून ठेवली आणि तिच्यावर घोंगडं चौपदरी घातलं. संपली सजावट. दुपारचा चहा झाला की ते तिथे जाऊन बसायचे ते दिवेलागणीपर्यंत. बिचारे कसाबसा वेळ काढतात, असं मला वाटायचं.

मागच्या हिवाळ्यात, उसाच्या ट्रॉल्यांनी मिरज रोड तुंबलेला असताना, माझा आवाज बसला. मिठाच्या गुळण्या झाल्या, ज्येष्ठमध चघळून झालं, हळद-दूध झालं. मग एक दिवस फळ्यापुढे उभी असताना तोंड उघडलं आणि आतून काही आलंच नाही. पोरांना वाटलं बाई भयंकर चिडल्यात. वर्ग इतका शांत मी कधी पाहिला नव्हता.

मिरजेच्या डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं. गाठ होती. छोटंसं ऑपरेशन, पण त्यानंतर महिनाभर तोंडातून अक्षर काढायचं नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. "आवाज येईल का परत?" मी कसंबसं कुजबुजून विचारलं. "येईल. पण कसा येईल, किती येईल, ते आत्ता सांगता येत नाही," ते म्हणाले. येताना रिक्षात मी नवऱ्याचा हात गच्च धरला होता. आवाजाशिवाय मी कोण, हे मला खरंच माहीत नव्हतं.

तात्या तेव्हा गावी होते. उसाला तोड आली होती. ते परतले तेव्हा ऑपरेशन होऊन मी घरी आले होते आणि माझं मौन सुरू झालं होतं. त्यांना नवऱ्याने सांगितलं असेल असं मला वाटलं आणि मी लिहून दाखवलं असेल असं नवऱ्याला. आमच्या घरच्या रिवाजाप्रमाणे तात्यांना कुणीच काही सांगितलं नाही.

पहिले दिवस मी नुसती धुमसत होते. लहान मुलांची एक पांढरी पाटी आणली होती, तिच्यावर पेनाने लिहायचं आणि पुसायचं. पण रागावणं लिहून होत नाही. वाक्य पुरं होईपर्यंत राग निवतो आणि समोरचा माणूस अंघोळीला निघून गेलेला असतो. फोन निरुपयोगी, टीव्ही बघवेना, झोपाळ्यावर कपडे. एका दुपारी घरभर फेऱ्या मारून मारून मी मागच्या दारात येऊन उभी राहिले. तात्यांनी मान वळवून पाहिलं. ते ट्रंकेवर जरा सरकले आणि शेजारच्या घोंगड्यावर दोनदा थाप मारली. मी बसले.

दहा मिनिटं माझ्या डोक्यात बॅचेस, पोर्शन, पेपर, सगळं एकमेकांवर ओरडत होतं. मग समोर लक्ष गेलं. शेजारच्यांचा शेवगा आमच्या भिंतीवर सावली टाकत होता. शेवग्याची पानं ती केवढी, नखाएवढी. वारा असा नव्हताच, तरी ती सगळी थरथरत होती आणि आमची ती पोपडे आलेली, मी कधी धड पाहिलेलीही नसलेली भिंत अंगभर हलत होती. ऊन उतरेल तशी सावली वर चढायला लागली. तिचा रंग बदलला, कडा मऊ झाल्या, आणि पाहता पाहता ती काठावरून पलीकडे गेली. मी तोंड उघडं ठेवून बघत होते. इतकी वर्षं या घरात राहत होते आणि हे रोज, फुकट, माझ्या कांद्याच्या पोत्यामागे चाललं होतं. मी तात्यांकडे पाहिलं. त्यांनी फक्त भुवया उडवल्या, "बघितलंस?" म्हणाल्यासारख्या.

दुसऱ्या दिवशी मी आपणहून गेले. मग रोजच. कधी ते शेंगा फोडत आणि अर्धे दाणे माझ्या ओंजळीत घालत. कधी आम्ही काहीच करत नसू. चार-सहा दिवसांनी डोक्यातला वर्ग सुटला. आत खरोखर शांत झालं आणि मला भीतीच वाटली, रिकाम्या देवळात आपण एकटेच शिरावं तशी. मग भीती गेली आणि नुसतं देऊळ उरलं. यापेक्षा बरं मला ते सांगता येत नाही.

तात्याही बदलले. जेवताना पूर्वी मान खाली घालून उठायचे, ते आता बसून राहू लागले. माझ्या ताटात न विचारता भाकरीचा तुकडा वाढू लागले. नवरा म्हणाला, "आई गेल्यापासून यांना इतकं खुशीत पाहिलं नव्हतं."

का, ते मला एका सकाळी कळलं. मी ओट्याशी भाजी परतत होते. तात्या भिंतीपाशी उभे राहून शेजारच्या गृहस्थांशी बोलत होते. कमी ऐकू येणारी माणसं हळू बोलतात असा कुणाचा समज असेल तर त्याने आमच्याकडे यावं. तात्या म्हणत होते, "आवं, आमच्या सूनबाईनं बोलनंच सोडलंय की! मला ऐकू येत न्हाई, म्हून! रोज माज्या जोडीला येऊन बसती. लय मोठ्या मनाची पोरगी हाय!"

माझ्या हातातलं उलथणं तसंच राहिलं. ओरडून सांगावं तर तोंड बंद. मी पाटी घेऊन तरातरा बाहेर गेले आणि लिहिलं, "माझ्या घशाचं ऑपरेशन झालंय." तात्यांनी पाटी हातभर लांब धरली, जवळ आणली, आणि "थांब, चष्मा आनतो" म्हणून आत गेले. ते चष्मा शोधत होते तेवढ्या वेळात मी पाटीकडे पाहत उभी होते. खोटं मी बोलले नव्हते, मी तर काहीच बोलले नव्हते. पण घरात आपल्यासाठी कुणीतरी काही सोडलंय या विश्वासावर तो माणूस ताठ चालायला लागला होता. मी पदराने अक्षरं पुसली. तात्या चष्मा लावून आले तेव्हा पाटीवर "चहा टाकू?" एवढंच होतं. "टाक की," ते म्हणाले.

त्यानंतर ट्रंकेवर बसले की मला बरंही वाटायचं आणि चोरट्यासारखंही. महिना सरत आला होता. आवाज आला नाही तर माझं काय, ही धास्ती होतीच. आता आला तर तात्यांचं काय, हीही लागली. ज्या दिवशी मी बोलेन, त्या दिवशी त्यांना वाटेल, उठून गेली ही पण.

डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "बोला." मी माझं नाव सांगितलं. आवाज आला, बारीक, जरासा खरखरीत, कुणा अनोळखी बाईचा. मी रडले. डॉक्टर म्हणाले, "हा जपा. वर्गात माइक घ्या. आणि ओरडणं आता कायमचं बंद. पुन्हा ओरडलात तर मी काही करू शकणार नाही."

मिरजेहून परतताना वाटेत मी नवऱ्याला तात्यांच्या गैरसमजाचं सगळं सांगितलं, हळू आवाजात, आणि तात्यांना मी माझ्या पद्धतीने सांगेन असं ठरवलं. पण माझा नवरा म्हणजे उतावळा नवरा. आनंदाच्या भरात तो माझ्या आधी मागच्या दारी पोचला आणि त्यांच्या कानाशी जाऊन ओरडला, "तात्याऽ! हिचा आवाज आलाऽ! घशाचं ऑपरेशन झालं होतंऽ, आता बरी झालीऽ!"

तात्यांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आप्रेशन? कवा?"

नवऱ्याने सांगितलं.

"मला कुनी बोललं न्हाई." एवढं म्हणून ते कसनुसं हसले. "म्हंजे दुखन्यापायी गप हुती व्हय. आन मी येडा, गावभर सांगत सुटलो." त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलने तोंड पुसलं, गरज नसताना घोंगडं सारखं केलं. "ब्येस झालं. जा पोरी, आत जा. तुजी लय कामं खोळंबली असतील."

मला कामं होती. क्लासमधून फोन आले होते, पोरं वाट पाहत होती. नवरा ओशाळून आत गेला. मी तात्यांच्या शेजारी बसले.

आणि बोलायला लागले. काय बोलले? काही विशेष नाही. डॉक्टर काय म्हणाले, रस्त्यात ट्रॉलीमागे कसे अडकलो, संध्याकाळची शेवटची बॅच मी आता सोडणार आहे, आणि आजारपणाने गप्प केलं हे खरं असलं तरी इथे येऊन बसायला मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या नव्या, बारीक आवाजात, ओठांच्या बाहेर जेमतेम पडेल एवढंच. तात्या माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होते.

"काय बी कळंना झालंय मला," ते म्हणाले.

मी थांबले. गळ्याला हात लावून मान हलवली, आता ओरडता येणार नाही अशी. यापुढे त्यांना माझा एक शब्द ऐकू येणार नव्हता, आणि ते आम्हा दोघांनाही त्याच क्षणी कळलं.

"थांबू नगंस," तात्या म्हणाले. "समदी माज्यासंगं वरडत्यात. वरडताना मानसाचं त्वांड कसं हुतंय, ठावं हाय का तुला? भांडाय आल्यागत. इतकी वर्सं मला वाटायचं, घरातली समदी माज्यावर चिडून हायत." त्यांनी जरा मागे होऊन माझ्याकडे पुन्हा नीट पाहिलं. "बोल तू. ऐकू न्हाई आलं तर न्हाई. बरं दिसतंय."

मी बोलत राहिले. ते मधूनच, भलत्याच जागी, मान डोलवत होते.