बोटीच्या पोटातलं पाणी

किनाऱ्यावरच्या एका दलालाने मला ओली बोट विकली. त्याने मला फसवलं, हे आधीच सांगून टाकतो. माझ्या हातून काय झालं ते पुढे येईल.

बोट फायबरची, मागे पेट्रोलची दोन इंजिनं. पुसदकडच्या धरणावर रविवारी येणाऱ्या माणसांना फिरवून आणायचं, एवढा धंदा. त्याआधी मी राळेगाव तालुक्यात गावोगाव फिरून कापूस घ्यायचो. सुरुवात सायकलवर केली. कापसाच्या गंजीत कोपरापर्यंत हात घालून मूठ दाबली की वजन वाढवायला आत पाणी मारलंय का ते मला कळायचं. मला ओला कापूस कुणी विकू शकला नाही. बोट घेताना मी इंजिनांवर, छतावर, लाइफ जॅकेटांवर सुद्धा घासाघीस केली. दलालाने भाव फार लवकर सोडला. तिथेच मी थांबायला हवं होतं.

पहिल्या महिन्यापासून बोट पेट्रोल खाऊ लागली. मी छत काढलं, मागची बाकं काढली, तळाचं शेवाळ घासलं, टाकी अर्धीच भरली. नाक वर करून अर्ध्या वेगाने धावताना ती सगळ्यात जास्त खाते हे कळल्यावर वेगही कमी केला. फरक पडला, पण थोडाच.

बोट चालवायला धरणाकाठचा एक मासेमार होता, माझ्याच वयाचा. आठवडाभर गिऱ्हाईक नसायचं. टिनाच्या शेडमध्ये आम्ही दोघंच. तो म्हणायचा, "शेठ, नाव खाली बसून राह्यली. पाण्यावर उठतच नाही. एक इंजिन वर उचला, एकावरच चालवू."

"मंग दोन कायले घेतले? दाखवायले?"

एके रविवारी मी त्याला न सांगता टाकीवर रंगाची खूण केली. संध्याकाळी खूण पाहिली, फेऱ्या आठवल्या, हिशेब जुळला नाही, आणि गिऱ्हाइकांसमोर ओरडलो, "पेट्रोल जाते कुठं? घरच्या मोटारसायकलले पाजतं का?"

त्याला थट्टा वाटली. "मोटारसायकलीवर कोंबड्या बसतात शेठ, दोन साल झाले. ते काय पेट्रोल पेइन?"

लोक हसले. ते हसले म्हणून मी आणखी चढलो. "चोर हायेस तू," म्हणालो.

त्याने मनगटावरची लाल दोरी सोडली. चालवणारा पाण्यात पडला तर तिच्या ओढीने इंजिन बंद पडतं, म्हणून ती बांधायची असते. ती नीट गुंडाळून त्याने बाकावर ठेवली आणि चपला हातात घेऊन काठाकाठाने निघून गेला.

पुढच्या उन्हाळ्यात बाकाचा एक गंजलेला बोल्ट उपटला तर भोकातून पाणी झिरपलं. तळाच्या दोन थरांमध्ये, बोट तरंगावी म्हणून फोम भरलेला असतो. मी वरचा थर कापला, आत हात घातला, मूठ दाबली. बोटांतून पाणी गळलं. कडेला एक जुनी भेग होती, तिच्यावर नवा रंग चढवलेला.

ओला फोम काढून कोरडा भरला तेव्हा बोट वीतभर वर आली. आता ती एकाच इंजिनावर चालते, दुसरं वर उचललेलं असतं. पेट्रोल निम्मंही लागत नाही.

मी त्याच्या घरी गेलो. बायको म्हणाली, "घरी नाहीत." त्याच्या चपला दारातच होत्या. मी त्यांच्याकडे पाहत उभा राहिलो. आत ऐकू जाईल असं बोलता आलं असतं. बोललो नाही.

आता लाल दोरी मीच बांधतो. एका इंजिनाचा आवाज कमी असतो. बोलणारं कुणी असतं तर सगळं ऐकू आलं असतं.

दलालाला फोन केला होता. म्हणाला, "साहेब, तुम्ही हात लावून, बघून घेतलीत ना?" त्यानंतर उचलत नाही.

म्हणून दलाला, तुला इथूनच सांगतो. पेट्रोलचं मी सोडून देतो. ओरडलो मी, ते माझ्याकडे. पण त्या भेगेवर रंग तू मारलास. तेव्हा एकदा इथे ये. त्या मासेमाराच्या दारात माझ्या शेजारी उभा राहा आणि आत ऐकू जाईल अशा आवाजात सांग, की पाणी बोटीत होतं.