कानात सांगायचं नाव

शारजाच्या विमानतळाबाहेर पाऊल टाकलं आणि चष्म्यावर एकदम वाफ धरली. चष्मा पुसून होईपर्यंत समोर उभा असलेला माझा धाकटा भाऊ समीर मला दिसलाच नाही. आखातात मी पहिल्यांदाच येत होते, आणि तेही मोठ्या मानाने. समीरच्या मुलाचं बारसं होतं. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि आत्या मी एकटीच. तेव्हा सांगलीच्या शाळेतून रजा काढून, मुख्याध्यापकांचा आंबट चेहरा झेलून मी आले होते. शाळेत मी इतिहास शिकवते, हेही आताच सांगून ठेवते.

समीरची बायको निलुफर उझबेकिस्तानातल्या समरकंदची. दुबईत दोघं एकाच ऑफिसात भेटली. तिकडच्या लग्नाचा एक फोटो समीरने पाठवला होता, त्यात दोघांच्या मागे सिंहासनावर बसलेल्या राजाचा भलामोठा पुतळा होता. नवी जोडपी त्याच्यासमोर फोटो काढतात म्हणे. तो राजा तैमूरलंग आहे हे कळल्यावर मी नातेवाइकांच्या ग्रुपवर फोटो पुतळा कापून टाकला होता. मधोमध नवरानवरी, वर नुसतं आभाळ.

गाडीत बसल्यावर समीरने एसी वाढवला, आरसा नीट केला, मग पुन्हा तोच आरसा नीट केला.

"ताई, नाव ठरलंय. तैमूर."

मी हसले. तो हसला नाही.

"फोनवर का नाही बोललास?"

"बोललो असतो तर तू आली असतीस? निलूच्या पप्पांचं नाव आहे ते. गेल्या वर्षी वारले. हे बघ, डिसिजन फायनल आहे. प्लीज, सीन करू नकोस."

मी सीन केला नाही. पण घर येईपर्यंत मी त्याला दिल्लीची कत्तल सांगितली, मुंडक्यांचे मनोरे सांगितले, वर्गात सांगते तशी, हातवारे करून. समीर सिग्नलकडे बघत राहिला. बाहेर रुंद रस्ते, काचेच्या इमारती आणि मधेच खजुरीची झाडं येऊन जात होती. खरं सांगायचं तर मला काही दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाळासाठी मनगट्या घ्यायला दुबईच्या देरा भागातल्या सोनेबाजारात गेलो. दुकानांच्या काचांमागे सोन्याचे अख्खे अंगरखे टांगलेले. मला त्या उन्हात ते बघून डोळे मिटावेसे वाटले. काळे मणी दाखवता दाखवता मल्याळी दुकानदाराने हौसेने विचारलं, "बच्चे का नाम क्या है दीदी? लॉकेट पे लिख के देगा."

"अभी रखा नहीं," मी म्हणाले. परतताना समीर माझ्या दोन पावलं पुढे चालत होता.

बारशाला समीरच्या इमारतीतली पाचसहा मराठी कुटुंबं आणि शेजारच्या बंगाली बाई आल्या होत्या. निलुफरची आई, तिला सगळे ओयी (आई) म्हणत, समरकंदहून विमानाने बेशिक (लाकडी पाळणा) घेऊन आली होती. तिकडेही पाळणा आजोळचाच. पण तो टांगायचा नसतो, जमिनीवर डुलतो. आता बाळाला पाळण्याखालून 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' म्हणत द्यायचं कसं? बराच गोंधळ झाला. शेवटी पाळणा दोन खुर्च्यांवर चढवला आणि चार बायकांनी तो धरून ठेवला. ओयीने माझ्या घुगऱ्या चाखल्या आणि खूश होऊन पलोवच्या (गाजर घालून शिजवलेला भात) परातीकडे बोट दाखवलं. त्यातही हरभरे होते.

बायका जमेपर्यंत मी हळूच तैमूरचा विषय काढलाच. बंगाली बाई हसल्या. "हमारे यहाँ तो बच्चों को मराठों का डर दिखाके सुलाते थे. घोड़े पे आके सब लूट ले जाते थे ना."

"ते निराळं," मी लगेच म्हणाले. निराळं कसं, ते मात्र मला सांगता आलं नाही. पाळण्याची गाणी सुरू झाली म्हणून सुटले.

मग माझी पाळी आली. मी पाळण्यावर वाकले, पाठीत धपाटे बसू लागले, सगळ्याजणी "कुर्रर्र" करून ओरडल्या. बाळाचा कान अगदी ओठांशी होता, इवलासा, गरम. आणि मी त्याच्या कानात सांगितलं, "तेजस."

त्या गलक्यात कुणाला ऐकू जाणार होतं? समीरने मोठ्याने "तैमूर!" म्हणून जाहीर केलं, टाळ्या पडल्या. मला वाटलं, आपण मोठा डाव मारला. सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी मला माझं कौतुकच वाटत होतं.

तेवढ्यात ओयी आली. तिने माझे दोन्ही हात धरले, डोळ्यांना लावले आणि रडायला लागली. निलुफरने हिंदीत सांगितलं, "माँ बोल रही है, पापा गए तब से ये नाम घर में कोई लेता नहीं था. आपने बच्चे को दिया. अब आप हमारे घर के हो." माझे तळवे ओले झाले होते. ते सोडवून घ्यावेत की नाहीत, हे मला कळेना.

दुसऱ्या दिवशी समीर सगळ्यांना खोर फक्कानला घेऊन गेला. उघडेबोडके तपकिरी डोंगर, लांबच लांब बोगदे, आणि ते संपले की एकदम निळा समुद्र. बंदरातल्या क्रेन लांबून दिसत होत्या. समीर आणि ओयी बाळाला घेऊन सावलीत बसले. निलुफर माझ्याबरोबर पाण्यापर्यंत आली.

"ताई, मैं पाळणा पकड़ के खड़ी थी," ती म्हणाली. "मैंने सुना."

मी वाकून चपला हातात घेतल्या.

"हमको स्कूल में बताया, उसने शहर बनाया. दिल्ली की बस एक लाइन थी. आपको दिल्ली की सब लाइन मालूम है. ठीक है. लेकिन मेरे पापा बस चलाते थे. मुर्गी काटनी हो तो पड़ोसी को बुलाते थे. आपने एक बार भी नहीं पूछा, कैसे थे."

"मी परत सांगते त्याच्या कानात. आत्ता सांगते."

"माँ के सामने? फिर वो पूछेगी, दोबारा क्यों." तिने पायाने वाळू सारखी केली. "माँ को कभी मत बताना. बस इतना करो."

ओरडली असती तर बरं झालं असतं. ती मला सांभाळून घेत होती, आणि मी वयाने तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठी. परतीच्या बोगद्यांमध्ये काचेत माझाच चेहरा दिसत राहिला आणि मी दुसरीकडे बघत राहिले.

निघायच्या दिवशी ओयीने दारात एक गोल, नक्षीदार रोटी पुढे केली. समीर म्हणाला, "एक घास तोडून खा. उरलेली ती भिंतीवर टांगून ठेवते, तू परत येईपर्यंत. घरातलं माणूस निघालं की असंच करतात." मी घास घेतला. बाळ ओयीच्या कडेवर होतं. मी त्याच्या गालाला ओठ लावले, कान अगदी जवळ होता. ओयी कौतुकाने बघत होती. मी काही न बोलता मागे सरकले.

मुंबईला मोठा चुलतभाऊ, विनायकदादा, गाडी घेऊन आला होता. सामान डिकीत टाकतानाच त्याने विचारलं, "काय ठेवलंत नाव?"

"तैमूर."

"थट्टा करतेस का?" त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं, ते मी चांगलं ओळखत होते. "अगं, तू इतिहास शिकवतेस ना? तुला चाललं हे?"

"त्याच्या आजोबांचं नाव आहे, दादा. बस चालवायचे ते. साधा माणूस होता."

दादाने डिकी आपटून लावली. गाडी निघाली. मी तोंडातल्या तोंडात ते नाव पुन्हा म्हणून बघितलं, जमलं. सांगायची हिंमत आली ती इथे, दादाच्या कानाशी. ज्या कानात ते सांगायला मला एवढ्या मानाने बोलावलं होतं, त्यात मी दुसरंच काही टाकून आले होते.