वाऱ्याची बाजू

टेक्सासमधल्या शुगर लँडच्या आमच्या ऑफिसात एक ज्येष्ठ मराठी सहकारी माझ्या वरच्या मजल्यावर बसत. बायपासनंतर डॉक्टरांनी सिगारेट कायमची बंद केली, तेव्हा त्यांनी नवीनच निघालेली बॅटरीवर चालणारी सिगारेट इंटरनेटवरून मागवली. ती सदऱ्याच्या खिशात पेनाशेजारी असे. "यात धूर नाही, नुसती वाफ," असे ते सर्वांना अभिमानाने सांगत.

तरीही दुपारी मी सिगारेट ओढायला पार्किंगमध्ये उतरलो की त्या उकाड्यात तेही येत. बोलता बोलता सरकत आणि माझा धूर जिकडे जाई तिकडे उभे राहत. वारा फिरला की तेही फिरत. हे ध्यानात आल्यावर मला अपराधी वाटू लागले. सिगारेट काही माझ्याने सुटली नाही. मी फक्त जागा बदलली आणि इमारतीमागे जाऊ लागलो.

दोन-चार दिवसांतच ते धापा टाकत तिथे आले. "काय राजे, जागा चेंज केली अन् सांगितलं नाही?"

"तुमच्या हार्टचा विचार करून," मी पुटपुटलो आणि अर्धी सिगारेट विझवायला वाकलो.

त्यांनी माझे मनगट धरले.

"थांबा हो. एवढी तरी संपवा."