तारेची घासणी आणि बिअरची बादली

घरी बिअर करते म्हटलं की लोक विचारतात, त्यात काय काय घालतेस? घालणार काय कपाळ! डब्यातून येणारा काकवीसारखा माल्टचा पाक, थोडी साखर, पाणी आणि यीस्ट. त्यातून जपानी कायद्याने घरची बिअर एक टक्क्याच्या आतच ठेवायची, म्हणजे चढायचीही सोय नाही. बाकी सगळं यीस्ट करतं. माणसाच्या वाट्याला फक्त भांडी घासणं येतं.

सेंदाईतल्या माझ्या एका खोलीच्या घरात फर्मेंटर होता. नाव भारदस्त, वस्तू म्हणजे झाकणाची पांढरी प्लॅस्टिकची बादली, खाली नळ. ती धुण्याचं सोवळं आमच्या आजोळच्या देवघरातही नव्हतं. नळ सुटा करायचा, वॉशरखालचा चिकटा काढायचा, कोमट पाणी, मऊ स्पंज, शेवटी अल्कोहोलचा फवारा. खरवडायचं मात्र अजिबात नाही. प्लॅस्टिकवर एक बारीक चरा पडला की जंतू त्यात बिऱ्हाड थाटतात आणि बिअरचं ताक होतं. मी विद्यापीठात यीस्टवरच संशोधन करते, त्यामुळे माझी बिअर आंबली तर लॅबमध्ये तोंड दाखवायला जागा नाही.

इथल्या त्या मोठ्या भूकंपाला काही वर्षं झाल्यावर आई पुण्याहून आली. भूकंप झाला तेव्हा मी इथेच शिकत होते. फोन लागला तेव्हा "सगळं ठीक आहे" म्हणाले होते आणि पुढेही तेच म्हणत राहिले. तिचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. "मी स्वतः बघणार. पटलं नाही तर तुला घेऊनच जाणार," असं तिने विमानतळावरच जाहीर केलं. आणि ती बोलते तसं करते.

दुसऱ्या दिवशी लॅबमधून आले तर फर्मेंटर ओट्यावर, काठोकाठ भरलेला.

"भूकंपासाठी पाणी साठवायची ना गं ही? आणि कोरडी ठेवलीस?" आई म्हणाली. "आतून पिवळट झाली होती. घासून काढली."

"कशाने?"

तिने पुण्याहून आणलेली तारेची घासणी दाखवली. जपानी स्पंजांवर तिचा भरवसा नाही. मी बादलीत डोकावले. आत चरेच चरे. तिला बिअरचं सांगावं, तर परत न्यायला आयतं कारण.

बरं, एकदा घासून थांबेल तर ती आई कसली! शिळं पाणी प्यायचं नाही हा आमच्या घरचा नियम. रोज सकाळी कालचं पाणी ओतायचं, भांडं घासायचं, ताजं भरायचं. पुण्यातल्या पिंपासारखी माझी बादली रोज सकाळी खरडली जाऊ लागली. इकडे साकुराचा, चेरीच्या फुलांचा, मोसम जवळ आला होता. झाडाखाली बसून प्यायला सेन्सेईंना, म्हणजे आमच्या प्राध्यापकांना, मी माझी बिअर कबूल केली होती. मला आईचा भयंकर राग येत होता.

एका सकाळी मी चहा गाळत होते आणि मोबाईल भूकंपाच्या इशाऱ्याने बोंबलला. पाठोपाठ घर हलायला लागलं. मी सवयीने टेबलाखाली शिरले. "आई, खाली ये!" असं ओरडले तरी ती येईना. ओट्यापाशी उभी राहून तिने बादलीला दोन्ही हातांनी मिठी मारली होती. पाणी हिंदकळून तिच्या पदरावर सांडत होतं.

हलणं थांबलं. आई तशीच ओल्या पदराने खाली बसली.

"त्या वेळी तुझ्याकडे पाणी होतं का गं?"

इतक्या वर्षांत हे तिने कधी विचारलं नव्हतं. ठीक आहे म्हणायला तोंड उघडलं, पण जमलं नाही.

"नव्हतं," मी म्हणाले. "टँकर यायचा. थंडीत रांगेत उभी राहायचे. भांडं म्हणून चहाची किटली होती." आणि मला रडू आलं. सगळ्या भूकंपात आलं नव्हतं ते.

आईने ओल्या पदरानेच माझे डोळे पुसले. मग नाक ओढून म्हणाली, "बिअरसाठी दुसरी घे. ही राहू दे."

"तुला कसं कळलं?"

"हिच्या नळाला वास येतो. बाबा पत्ते खेळून आले की त्यांच्या शर्टाला येतो, तोच."

"म्हणजे मी इथे राहिलेलं चालेल तुला?"

"चालेल असं कुठे म्हटलं मी?" ती म्हणाली आणि बादली किती रिकामी झाली ते बघायला उठली.

नव्या बादलीतली बिअर चांगली झाली. सेन्सेईंनी दोनदा मागून घेतली. ती बादली मी मऊ स्पंजने, सगळं सोवळं पाळून धुते. जुनी ओट्यावर असते. आई गेली तेव्हा घासणी मुद्दाम ठेवून गेली. सकाळी तिचा फोन येतो आणि ती मला कशी आहेस असं विचारत नाही. विचारते, "पाणी बदललंस?"