दत्ताराम आणि तांबड्या कुत्र्याचा सांगाडा

दत्ताराम पेडणेकर दुष्ट असता तर त्याच्याविषयी सांगणं सोपं गेलं असतं. मुलुंडच्या एका कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या संग्रहालयात तो शिपाई होता, तोही हंगामी. बरण्यांमधल्या सापांवर औषधी पाणी ओतायचं, पेंढा भरलेल्या घुबडावरची धूळ झटकायची आणि दुपारी डब्यातली अर्धी भाकरी फाटकापाशी पडलेल्या तांबड्या कुत्र्याला घालायची, असा त्याचा दिवस. तो कुत्रा दुसऱ्या कुणाला अंगाला हात लावू देत नसे. दत्ताराम दिसला की मात्र शेपटीसकट सगळा हलायचा.

ब्याऐंशी साली विद्यापीठाची कमिटी तपासणीला येणार होती आणि संग्रहालयात सस्तन प्राण्याचा एकही सांगाडा नव्हता. विकत आणायला कॉलेजचा हात सुटेना. विभागप्रमुख उकिडवे सर खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "तो तांबडा तुझ्याकडेच येतो ना रे? बघ. कमिटी खूश झाली, तर तुला कायम करायचं बोलतो मी." या गृहस्थांना स्वतःच्या हाताने डास मारवत नव्हता.

इतकी वर्षं हंगामी राहिलेला माणूस नाही कसा म्हणणार? दत्तारामने दोन दिवस फाटकाची वाट टाळली. मग भाकरी दाखवली. कुत्रा मागोमाग प्रयोगशाळेत आला. क्लोरोफॉर्मचा बोळा पुढे आला, तेव्हा त्याने तो हुंगला आणि दत्तारामचा हात चाटला. सोड्याच्या पाण्यात हाडं उकळताना दत्ताराम हमसून हमसून रडला.

कमिटी खूश झाली. दत्ताराम कायम झाला. पुढे घाटकोपरच्या कॉलेजातून मागणी आली, मग अंधेरीहून. दुसऱ्या वेळी तो रडला नाही. तिसऱ्या वेळेपर्यंत त्याला कळून चुकलं, की दोरी लागत नाही. काही महिने मायेने खाऊ घातलं की जनावर आपल्या पायांनी येतं. चीड येते ती याची, की ती माया खोटी नसायची.

एका संध्याकाळी त्याने एक पिल्लू घरी आणलं. बायकोला, सुगंधाला मूलबाळ नव्हतं. तिने बशीत दूध ओतलं, पिल्लाला मांडीवर घेतलं आणि ती सुचतील त्या नावांनी हाका मारून बघू लागली.

दत्ताराम मोरीत हात धूत होता.

"नाव ठेव नको गो तेका," तो म्हणाला. "मोठो झालो की बोरिवलीच्या कॉलेजाक देवचो आसा."