पंचवीसचा इंच

काचेच्या दुकानात शिरून कुणी "मालक कुठे आहेत?" असं विचारलं, की वहिनी मान वर न करता म्हणायच्या, "मालकाशीच बोलताय. माप सांगा, नाहीतर बाजूला व्हा, उजेड अडतोय." अर्ध्या गिऱ्हाइकांना त्या उद्धट वाटायच्या. वाटू देत. बारा वर्षं मी त्यांच्या शेजारच्या गाळ्यात सुतारकाम केलं. खिडकीची चौकट माझी, काच त्यांची. काच कापायची हिरकणी त्या रॉकेलमध्ये बुडवायच्या, एकच रेघ ओढायच्या, खालून बोटाच्या पेरानं टकटक करायच्या, की काच सरळ दोन तुकडे. दुसरी रेघ ओढणाऱ्याला त्या कारागीरच मानत नसत.

हे सगळं त्यांच्या नवऱ्यानं, माझ्या दोस्तानं, त्यांना शिकवलं होतं. तो गेला आणि तिसऱ्या आठवड्यात धाकटा दीर किल्ल्या मागायला हजर. बाईमाणसाला झेपणार नाही म्हणे! ज्याला काच पुसतानाही हातमोजे लागतात, त्यानं हे बोलावं. दुकान सासऱ्यांच्या नावावर होतं. ते म्हणाले, "सुनेनं एक मोठं काम निभावून दाखवू दे, दुकान तिच्या नावावर करतो. नाही जमलं तर धाकट्याचं." मोठं काम आलंही. प्रसूतिगृहाची नवी इमारत, बत्तीस खिडक्या. चौकटी मी केल्या, नेहमीसारख्या फूट-इंचात, आणि बसवूनही टाकल्या.

मग वजनमाप खात्याचा साहेब आला.

फूट-इंचातला व्यवहार कायद्यानं बंद, म्हणाला. वहिनींच्या दोन्ही टेपा आणि लाकडी फूटपट्टी त्यानं पिशवीत टाकली. नुसती मिलिमीटरची टेप विकत घ्यायला लावली, भिंतीवर एक कागद डकवला आणि पुन्हा इंच दिसला तर दुकानाला सील, असं बजावून गेला. साहेबाच्या स्वतःच्या पँटीची कंबर शिंप्यानं इंचातच घेतली असणार, पण ते विचारणार कोण? मी तर तो यायच्या आतच माझी टेप पेटीत भुशाखाली सारली होती.

कायदा खोटा होता असं मी म्हणत नाही. चौकातला कापडवाला छत्तीसऐवजी साडेचौतीस इंचांचा वार मोजून आयुष्यभर लोकांना लुबाडत आला, त्याच्यासारख्यांच्या मानगुटीवर कायदा बसायलाच हवा. माझा राग त्या कागदावर आहे. दंडाचा आकडा त्यावर ठळक, लाल, दुरून वाचता येईल असा. एका इंचाचे मिलिमीटर किती, ते कुठेच नाही! ज्यांची उभी हयात इंच आणि इंचाच्या आठव्या भागाचं सूत मोजण्यात गेली, त्यांना हे सांगायला एक माणूस फिरकला नाही. दंड घ्यायला मात्र जीप होती.

चौकटी तिकडे प्रसूतिगृहात बसलेल्या, आणि वहिनींकडे मापं होती ती मी दिलेली, इंचातली. त्यांनी मला विचारलं, "सुतारभावजी, इंचाला किती धरायचे?"

"पंचवीस," मी म्हणालो.

आमच्या धंद्यात सगळे पंचवीसच म्हणतात. खिळेवाला म्हणतो, प्लायवाला म्हणतो. एक-दोन इंचांत ते खपतं, उरलेली फट पुट्टी गिळते. पण माझी चौकट छत्तीस इंच रुंद आणि अठ्ठेचाळीस उंच. खरा इंच पंचवीस पॉइंट चार मिलिमीटरचा. इंचामागे सुटलेला तो बारीक तुकडा छत्तीसदा सुटला, की चौदा मिलिमीटर होतात. उंचीत एकोणीस. हे गणित सातवीतलं पोरही करेल. मी केलं नाही.

पहिली काच कापून वहिनींनी दोन्ही हातांत उभी धरली आणि तशाच थांबल्या. "ही लहान आहे हो. हाताला कळतंय. तुमची टेप आहे ना कुठे? एकदा लावून बघा."

टेप माझ्यापासून चार पावलांवर होती. रस्त्यावर कुठलीशी जीप थांबल्याचा आवाज आला आणि माझी हिंमत गळाली. मी म्हणालो, "अहो, नवं माप आहे. हाताला सवय नाही अजून." माझ्यावर विश्वास ठेवून त्या बाईनं चार दिवस राबून बत्तीसच्या बत्तीस काचा कापल्या.

प्रसूतिगृहात पहिली काच चौकटीत ठेवली. एका बाजूनं टेकली, दुसऱ्या बाजूनं बोट जाईल एवढी फट. दुसरी तशीच. तिसरी लावून बघायची गरजच नव्हती. इंजिनियरनं सासऱ्यांना बोलावून घेतलं. धाकटा न बोलावता आला, इस्त्रीचा शर्ट घालून.

"माप कुणी काढलं?" इंजिनियरनं विचारलं.

मी दोन हातांवर उभा होतो. तोंड उघडायचं होतं, बस्स. पण याच इंजिनियरकडे माझं दारांचं काम अडकलं होतं, आणि मी जमिनीवरच्या सिमेंटच्या डागांकडे बघत राहिलो.

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. वाट पाहिली त्यांनी, हे मी शपथेवर सांगतो. मग म्हणाल्या, "काचा मी कापल्यात. चूक माझी."

धाकटा हसला. सासरे जिना उतरून गेले, आणि मला तेव्हाच कळलं की दुकान गेलं.

सगळे गेल्यावर मी म्हणालो, "वहिनी, मी सांगतो त्यांना. आत्ता जातो, पंचवीस मीच सांगितले म्हणून."

"आता?" त्या एवढ्या जोरात ओरडल्या की रिकाम्या खोलीत आवाज घुमला. "पाच मिनिटांपूर्वी तोंडात काय धरलं होतंत? लाज वाटायला हवी तुम्हाला! माझ्या नवऱ्याच्या ताटात जेवलात तुम्ही!"

तरी चार दिवसांनी मी सासऱ्यांकडे गेलो. ते म्हणाले, "आता काय उपयोग? कागद झाले."

आज गल्ल्यावर धाकटा बसतो. काच त्याला कापता येत नाही, म्हणून मागच्या खोलीत वहिनी कापतात, पगारावर. एकच रेघ, अजूनही. खिडकीचं माप घेऊन परवा मी गेलो आणि सवयीनं तोंडी सांगायला लागलो. त्यांनी हिरकणी खाली ठेवली आणि कागद-पेन माझ्यापुढे सरकवलं.

"लिहून द्या," त्या म्हणाल्या. "आणि खाली सही करा."